“त्या मघाशीच घरी गेल्या”

तिला लहानपणापासून सगळे बदकताई म्हणत, कारण पाणी दिसलं की तिला राहवत नसे. बाजारातल्या एका गल्लीत तिचं कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. पँट आखूड कर, चेन बदल, उसवलेलं शिव, असली कामं. सासरी कोणालाच पोहता येत नव्हतं. धाकट्या दिराचं लग्न झालं आणि आलेली जाऊही पाण्याला मांजरासारखी भिणारी निघाली. तिच्या हनुवटीखाली हात धरून, “मी आहे ना गं, सोडत नाही,” म्हणत बदकताईने तिला पोहायला शिकवलं. पुढे दोघींचं असं गूळपीठ जमलं, की नवरे म्हणत, “आपण या घरात भाडेकरू!”

त्या सकाळी दोघी समुद्रावर गेल्या तेव्हा आभाळ निरभ्र होतं, उकाडा मात्र जीव नकोसा करणारा. वादळ दूर, भर समुद्रात होतं. इथे पानही हलत नव्हतं, पण तिकडून निघालेल्या लाटा किनाऱ्यावर येऊन आपटत होत्या. जीवरक्षकाने लाल झेंडा लावला होता. “आज पाण्यात पायसुद्धा घालू नका,” त्याने दोघींना बजावलं.

“नुसतं वाळूत फिरून येतो,” धाकटी म्हणाली. खडकांच्या आड, त्याला दिसणार नाही अशा जागी गेल्यावर मात्र तिने चपला काढल्या. “ताई, ते बघ, तिथे लाटाच नाहीत. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहू फक्त.”

दोन्ही बाजूंना फेस उसळत होता आणि मधला पट्टा गुळगुळीत होता. किनाऱ्यावर चढलेलं पाणी अशाच वाटेने परत आत ओढलं जातं, हे बदकताईला ठाऊक होतं. पण ती नको म्हणेपर्यंत धाकटी पाण्यात शिरलीही. पायाखालची वाळू सरकली आणि ती किंचाळली, “ताई!”

बदकताईने मागचापुढचा विचार केला नाही. तिला गाठलं, काखेत हात घालून कडेला रेटलं आणि फुटणाऱ्या लाटेत ढकलून दिलं. लाटेने धाकटीला वाळूवर नेऊन टाकलं. तेवढ्यात बदकताईचा दम संपला आणि ओढ तिला घेऊन गेली. मागे वळून पाहिलं, तर धाकटी उठून उभी राहत होती. ‘वाचली! आता रक्षकाला घेऊन येईल,’ म्हणून ही ओढीशी न झुंजता पाठीवर तरंगत राहिली.

कोणी आलं नाही.

लाटांच्या पलीकडे ओढ सैल पडली, तशी ती किनाऱ्याला धरून आडवी पोहत गेली आणि मासेमारीच्या मचव्यांच्या धक्क्याच्या शिडीला लागली. वर आली तेव्हा गुडघे सोलवटले होते. किनारा रिकामा होता. मला शोधायला ही पोर पुन्हा पाण्यात उतरली की काय? ती अनवाणी धावत रक्षकाकडे गेली.

“माझी जाऊ! ती पाण्यात...”

“जाऊबाई? त्या मघाशीच गेल्या की,” तो गोंधळून म्हणाला. “हातात दोघींच्याही पिशव्या होत्या. मी विचारलं, ताई कुठायत? तर म्हणाल्या, त्या मघाशीच घरी गेल्या.”

घरी धाकटी केस पुसत उभी होती. बदकताईला दारात पाहून ती पांढरीफटक पडली.

“ताई, ह्यांनी समुद्रावर जायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मी घाबरले गं.”

“घाबरलीस, समजलं. पळालीस, तेही समजलं. पण मी घरी गेले असं का सांगितलंस? तो रक्षक उठला असता ना मला शोधायला.”

आवाज ऐकून दोघे भाऊ बाहेर आले आणि बदकताईने सगळं सांगून टाकलं. दीर खाली मान घालून बसला. नवरा म्हणाला, “झालं गेलं विसर. सुखरूप आलीस ना? घरातली गोष्ट घरातच राहू दे.”

केसाने गळा कापला तो धाकटीने, पण हे बोलणं बदकताईला जास्त लागलं.

त्यांचं स्वयंपाकघर अजून एकच आहे. धाकटीने पोहणं सोडलं. बदकताई जाते, झेंडा हिरवा असेल तेव्हाच, आणि आधी रक्षकाला सांगते, “मी आत जातेय. बाहेर आल्याचं मीच येऊन सांगेन. दुसऱ्या कोणाचं ऐकू नका.”

कोणी विषय काढलाच तर म्हणते, “जाऊच ती. बहीण थोडीच होती?” पण बदकताईने तिला बहीणच मानलं होतं.