अक्कांचे मालवाहू यान

अक्का खेळायला बसल्या की आधी दाराला आतून कडी लावत. तरीही कुणी हाक मारलीच, तर मळलेल्या कणकेवर ताट पालथे घालावे तसा चटकन लॅपटॉपवर टॉवेल टाकत आणि मगच कडी काढत. पन्नाशी ओलांडलेली, कन्हेरीतल्या भरल्या घराची थोरली सून भरदुपारी अवकाशयाने बांधते, हे घरात फक्त मला ठाऊक होते.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी बारामतीत एका कॉलेजात शिकवते, त्यामुळे घरचे बरेचसे काम त्यांच्याच अंगावर असे. त्यांच्या कमरेचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी सक्तीने झोपवून ठेवले, तेव्हा वेळ जावा म्हणून मी माझा जुना लॅपटॉप त्यांना दिला. त्यात माझ्या नवऱ्याने कधीतरी घेतलेला एक खेळ होता. ठोकळे जोडून यान बांधायचे, त्याला इंजिने लावायची आणि उडवायचे. अक्का त्यात अशा रमल्या की कंबर बरी झाली तरी दुपारची ती वेळ त्यांनी सोडली नाही. पण रमल्याची लाजही तेवढीच. "माझ्या वयाच्या बायका देवळात जात्यात, आन् मी हितं इमानं उडवती," असे म्हणून तोंडाला पदर लावत.

पहिल्या यानाला त्यांनी हौसेने सगळ्यांत मोठे इंजिन लावले होते. त्याच्या मागे पुरेशी जागा सोडायची हे माहीत नव्हते. इंजिन पेटले आणि त्याच्या जाळाने यानाचीच मागची बाजू जळून गेली. तेव्हापासून मोठ्या इंजिनावरचा त्यांचा विश्वास उडाला. छोटी छोटी इंजिने त्या चारी अंगांना बसवत. यान झोकात वळे, जागाही कमी जाई. "एक बंद पडलं तर बाकीची हायेत की. एकाच्याच जिवावर कुठं जायाचं?" हे त्या इतक्या वेळा म्हणत की मला पाठ झाले होते.

पुढे त्या इंटरनेटवरच्या एका टोळीत सामील झाल्या. आपल्याच भागातली चार-पाच तरुण मुले. ती मिळून अवकाशात एक मोठे स्थानक बांधत होती. मुले माइकवर बोलत. अक्का मात्र एकेक अक्षर शोधून टाइप करत, कारण आपला आवाज आणि आपली बोली ऐकून मुले हसतील याची त्यांना धास्ती होती. खेळात त्यांनी नाव घेतले होते 'कन्हेरीकर'. मुले त्यांना दादा म्हणू लागली आणि अक्कांनी ते तसेच राहू दिले.

स्थानकाला खनिज आणून देणारे यान बांधायचे काम अक्कांकडे आले. टोळीचा म्होरक्या सागर, लासुर्ण्याचा. इंदापुरात मोबाइलच्या दुकानात कामाला होता. त्याने सांगून पाहिले की माल भरला की वजन वाढेल, उलटा जोर देऊन थांबवायला पुढच्या तोंडाला एक तरी मोठे इंजिन लावा. अक्कांनी टाइप केले, 'लागत नाही.' मग छोट्या इंजिनांची रांगच लावली, रिकामे यान उडवून पाहिले, ते झकास थांबले.

भरलेले थांबले नाही. छोटी इंजिने सगळी जोर लावत होती, पण यान जवळजवळ त्याच वेगाने पुढे जात राहिले आणि सरळ स्थानकात घुसले. मुलांनी महिनोन्‌महिने बांधलेले बरेचसे काम डोळ्यांदेखत उसकटून गेले. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा अक्का अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. जेवल्या नाहीत. "माझ्या गुर्मीनं झालं," एवढेच बोलल्या.

मुले रोज लिहीत होती, 'दादा, खेळच आहे, या परत.' त्यामुळे त्या आणखी खचल्या. माफी मिळत होती ती दुसऱ्याच कुणाला तरी, असे त्यांना वाटत होते. एका रविवारी त्यांनी मला शेजारी बसवून घेतले आणि माइक सुरू करायला सांगितला.

"मी कन्हेरीकर बोलती. मी दादा न्हाय, बाई हाय. घरात सुना-नातवंडं हायेत. तुमी सांगितलं ते मी ऐकलं न्हाय. माझं चुकलं."

पलीकडे कुणाचे तरी दाबलेले हसू फुटले. अक्कांचे कान लाल झाले. मग सागरचा आवाज आला, "मावशी, रिकामंच उडवून बघितलं होतं का?"

"व्हय. रिकामंच."

"तिथंच फसलं बघा," तो म्हणाला.

त्यानंतर अक्का रोज दुपारी जाऊन स्थानकाच्या भिंती पुन्हा उभ्या करत राहिल्या. मुले राहू द्या म्हणाली, तरी ऐकले नाही. मालवाहू यानाच्या तोंडाला मोठे इंजिन लावले, त्याच्या जाळासाठी जागा मोकळी सोडली, भरलेले यान थांबवून दाखवले आणि "फिटलं माझं," म्हणून टोळीचा निरोप घेतला. लॅपटॉप पुसून मला परत दिला.

त्याच वर्षी त्या धाकट्या लेकाकडे सोलापूरला राहायला गेल्या. मी त्यांना इंदापूरच्या स्टँडवर सोडायला गेले होते. त्यांना न विचारता मी सागरला कळवले होते. तो आईला घेऊन आला आणि वाकून पाया पडला. अक्कांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. त्याच्याकडे बघवेना, म्हणून त्या त्याच्या आईशी बोलल्या. "तुमच्या लेकाचं घर पाडलं मी."

आई गोंधळून लेकाकडे बघू लागली. सागर हसून म्हणाला, "खेळातलं गं आई."

"खेळातलं असंल," अक्का खाली बघत म्हणाल्या, "पर राबला हुता तू."

सोलापूरची गाडी लागली. सागरने त्यांची पिशवी उचलून वर ठेवली. खिडकी मिळाली होती, तरी अक्का आमच्याकडे पाठ करून बसल्या. गाडी स्टँडाबाहेर वळली तेव्हा मात्र त्यांनी मान वळवली आणि पदराआडून त्या पोराकडे, तो दिसेनासा होईपर्यंत, बघत राहिल्या.