मर्दानी घड्याळाची नोटीस

ते प्रकरण आठवलं की आजही स्वतःचीच लाज वाटते. सत्तरच्या दशकात मी सोलापूर शहरात फौजदार होतो. नावं कुणाचीच सांगणार नाही. बाई विड्या वळणारी होती आणि नवरा सूतगिरणीत कामाला.

एका सकाळी हजेरी आटोपून मी चहा घेत होतो, तेव्हा ही दोघं ठाण्यात आली. बाईच्या हातात वकिलाची नोटीस होती. हप्त्यावर घेतलेल्या मर्दानी मनगटी घड्याळाचे पैसे थकलेत, आठ दिवसांत भरा, नाहीतर दावा लावू, असा मजकूर. करारावर बाईचा अंगठा आणि विडी कारखान्याच्या कार्डाचा नंबर असल्याचंही त्यात लिहिलं होतं.

"साहेब, त्या दुकानाची पायरी बी मी चढले न्हाय," ती म्हणाली. "घड्याळ कशाला घेऊ मी? मला टाइम बी कळत न्हाय की."

तिथंच मी जबाब लिहून घ्यायला हवा होता. करार मागवायला हवा होता. पण अंगात फौजदारकीचा माज होता. "अंगठा तुझा आहे म्हणतात. घड्याळ कुणाच्या मनगटावर बांधलंस, ते नवऱ्याला सांगून टाक," असं म्हणून मी हसलो. ठाणे अंमलदारही हसला. नवरा हसला नाही. मामला दिवाणी आहे, कोर्टात जा, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं. त्याच आठवड्यात नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलं आणि ती जवळच्या कुंभारी गावी आईकडे राहायला गेली.

हे मला महिन्याभरानं कळलं, तेही दुसऱ्या एका विडी कामगार म्हातारीकडून. तिच्याही नावावर तसंच घड्याळ निघालं होतं आणि ती निमूटपणे हप्ते भरत होती.

"बोंब मारली तर कार्ड काढून घेत्यात साहेब, काम जातंय," ती म्हणाली. "पर तिचं घर मोडलं, म्हून आले."

मी त्या बाईला कुंभारीहून बोलावलं, जबाब घेतला आणि दुकानातून करार मागवले. जबाबाखाली अंगठा घेताना रायटर हवालदार वैतागला. तीनदा घेतला, तीनदा नुसता काळा डाग उठला. मग त्याला आठवलं, त्याची आईही विड्या वळायची.

"साहेब, पानं दुमडून दुमडून या बायकांच्या अंगठ्यावरच्या रेषाच झिजतात," तो म्हणाला.

करारावरच्या अंगठ्याची मात्र रेघ न् रेघ दिसत होती.

कामगारांच्या कार्डांची नोंद ज्याच्याकडे असायची, त्या कारखान्याच्या कारकुनाला चौकशीला आणलं. देवाच्या, आईच्या, सगळ्यांच्या शपथा घेऊन झाल्या. मी हात उगारला नाही. शाई आणि कोरा कागद त्याच्यापुढं सरकवला. त्यानं उजवा हात हळूच टेबलाखाली घेतला. थोड्या वेळानं सगळं बाहेर आलं. बायका दुकानात यायला लाजतात, मी घरून अंगठे आणतो, असं दुकानदाराला सांगून तो कोरे करार न्यायचा, स्वतःचाच अंगठा उमटवायचा आणि घड्याळं निम्म्या किमतीत विकायचा. पुण्याच्या ठसेतज्ज्ञांनीही अंगठा त्याचाच ठरवला. कोर्टानं शिक्षा दिली.

निकालानंतर मी नवऱ्याला जीपमध्ये घालून कुंभारीला गेलो. ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. तुम्ही कुणाचं काही देणं लागत नाही, असं मी सांगितलं. नवरा खालच्या मानेनं म्हणाला, "चल घरला."

तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाली, "चोराला तुमी धरलं, लई उपकार झाले. पर नऊ वरसं ह्यो माज्या हातचं जेवला आन् ह्याला मी कळले न्हाय. आता कुणाच्या भरवशावर जाऊ?"

माफ करा, एवढं मला म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण वर्दीत तसं बोलायची सवय नव्हती. "बरं, येतो," म्हणून मी जीपमध्ये जाऊन बसलो.

पुढं बरीच वर्षं नोकरी केली. तक्रार घेऊन आलेल्या माणसाची थट्टा मी पुन्हा केली नाही आणि हाताखालच्यांनाही करू दिली नाही. त्याचा फायदा नंतर आलेल्यांना झाला. त्या बाईची माफी मात्र मागायची राहून गेली.