लाल शब्दाची आई

बद्रीनाथरावांची लेक अर्पिता मंठ्याजवळच्या खेड्यातली, पण तिचा जीव जडला तो इटलीतल्या जुन्या बोलींवर. परतूरच्या कॉलेजात शिकवायचं आणि घरी येऊन दोन शब्द समोरासमोर मांडून बसायचं. लाल या अर्थाचा लॅटिनमधला ‘रुबेर’ आणि शेजारच्या उंब्रियन बोलीतला ‘रुफ्रु’. दोघी बहिणी. त्यांची आई मात्र कुठल्याच दगडावर कोरलेली नाही. लेकींच्या तोंडवळ्यावरून ती उभी करायची. एकीत ब, दुसरीत फ. आईत दोन्ही नव्हते. तिथे जीभ दातांशी घासून निघणारा, आपल्या थ-धच्या जवळचा आवाज होता. अर्पिताने हे शब्दामागून शब्द ताडून पाहिलं, मगच प्रबंधात लिहिलं.

डॉक्टरेट मिळाली, तसा गावाने सत्कार ठरवला. सरपंच म्हणजे तिचे चुलते रामप्रसाद. मुलींच्या वाचनालयाला चावडीची खोली ती कधीची मागत होती. ती खोली आज सत्कारात मिळणार होती. पण मंडपातल्या फ्लेक्सवर लिहिलं होतं : ‘रोमच्या भाषेची आई संस्कृत. गावच्या लेकीचा शोध.’

“काका, हे मी म्हणलेलं न्हाई.”

“रक्ताला, लालाला संस्कृतात ‘रुधिर’ म्हंत्यात, त्यात ध हाय ना? तूच सांगितल्तं. मंग आई आपलीच की.”

“तोंडवळा जुळला म्हणून मावशी आई होती का?”

“बाई, एवढं एक वाक्य बोल. खोलीची किल्ली माझ्या खिशात हाय.”

अर्पिता माईकपाशी गेली. “फ्लेक्सवरचं खोटं आहे,” ती म्हणाली. “संस्कृत त्या शब्दाची आई नाही, मावशी आहे.”

पुढे बसलेले पुंजाराम आजोबा म्हणाले, “मावशी तर मावशी. घरातलीच हाय ना? कशाला तोडती?”

“तोडत न्हाई, आजोबा. पण आईची जमीन मावशीच्या नावावर चढवली, तर तुम्ही गप बसाल?”

“बिलकुल न्हाई,” आजोबा म्हणाले, आणि मागे हशा पिकला.

रामप्रसाद हसले नाहीत. शाल घडीतच राहिली, किल्लीही खिशातच.

घरी झुंबरबाईने लेकीपुढे ताट वाढलं. “गेली ना खोली?”

“गेली.”

“आता पोरींना कुठं बसवती?”

“चावडीवरच.”

रविवारी ती चावडीच्या ओट्यावर, कुलूपबंद दाराला पाठ लावून बसली. समोर पोरी, मांडीवर पुस्तकं. रामप्रसाद पंचायतीकडे निघाले होते. त्यांना पाहून अर्पिताने आवाज चढवला आणि ‘रुबेर’पासून सुरुवात केली.