माझ्या अंगणातल्या पाच विहिरी

कॉलेजवाले आईबापाला बोलावतात ते तक्रार सांगायलाच, असं मी धरून चालले होते. पण फोन पल्लवीचा, माझ्या पोरीचा. "माय, उद्या कारंज्याले ये. आमची नकाशाची खोली राह्यते का जाते, ते ठरनार हाय." निघाले.

रिठदहून सकाळची एसटी धरा, वाशीमला बदला. बायांना अर्धं तिकीट, म्हणून बाया दुप्पट. खिडकी पाहिजे तर लाजू नका, कोपर वापरा. मंगरूळपीरच्या पुढे मला झोप लागली, म्हणजे रस्ता चांगला आहे. कारंजाच्या स्टँडवर गरम आलूबोंडा खा, मिरची मागून घ्या. चहा नको, नुसतं गोड पाणी.

पल्लवी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तिनं नि मैत्रिणींनी जीआयएसची, म्हणजे संगणकी नकाशांची, खोली मांडली आहे. गावकऱ्यानं यावं, आपला रस्ता, नाला, विहीर संगणकाच्या नकाशावर बघावी, छापून न्यावी. प्राचार्यांनी बजावलं होतं, काम पटलं तर खोली तुमची, नाही तर तिथं परीक्षेची बाकं.

पडद्यावर रिठद उघडलं. आभाळातून आपलं टिनाचं छप्पर पाहून मी ओरडलेच!

प्राचार्यांनी चष्मा वर केला. "एकाच अंगणात पाच विहिरी?"

अंगण माझंच. पोरी विहिरी नोंदवत उन्हात फिरत होत्या, तेव्हा मीच दटावलं होतं, "काहून मरता उन्हात? आंधी चाय घ्या!" आमच्याकडे चहाला नाही म्हणायची सोय नाही. पाचही विहिरींच्या जागेच्या नोंदीचं बटण त्यांनी दाबलं ते माझ्या ओट्यावर बसून, नि मोबाइल बसतो तिथंच ठिपका टाकतो.

पल्लवीचं तोंड एवढंसं झालं. "माय, तुह्या चायनं बुडवलं."

"बुडवलं, त काढीन बी मीच!"

दिराला फोन लावला. "भाऊजी, इहिरीवर जाऊन उभे राहा, लोकेशन पाठवा."

"कायले? पानी हाय ना तिच्यात."

"पानी नाई, पत्ता पायजे! बाकीच्या इहिरीवाल्यायले बी पळवा."

मग टिंग, टिंग! एकेक लोकेशन आलं की पोरी एकेक ठिपका माझ्या अंगणातून उचलून शेतात नेऊन ठेवत. मी प्रत्येकीला टाळी देत होते. शेवटी दिरानं फोटोही धाडला, विहिरीच्या पाण्यात पडलेलं स्वतःचंच टक्कल. प्राचार्य खो-खो हसले. "गावच चूक दुरुस्त करतंय, मग काय पाहिजे? बाकं दुसरीकडं ठेवा रे!" पल्लवीनं मला उचललंच, माझं वजन न बघता.

आता छापील नकाशा आमच्या भिंतीवर आहे. दीर येता-जाता आपली विहीर बोटानं दाबून बघतो. माझ्या अंगणात विहीर एकही उरली नाही, पण पल्लवीनं एक ठिपका तिथं ठेवलाच. बाजूला लिहिलंय, "चहा. घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही."

नकाशा बरोबर आहे. येऊन बघा.