‘येतो हं’ची साक्ष

टपालकाका नोकरीतून निवृत्त झाले, सभ्यपणातून मात्र काही केल्या होईनात. अठ्ठावीस वर्षं त्यांनी दारोदार पत्रं वाटली आणि अंगावर आलेल्या कुत्र्यांनाही अहोजाहो केलं. त्यामुळे मोठ्या बंगल्याच्या कडेची पायवाट नव्या मालकानं फाटक लावून बंद केली आणि साक्षीला काकांचं नाव निघालं, तेव्हा काकूंनी कपाळाला हात लावला. "हे साक्ष देणार? झालं कल्याण!"

पण इतकी वर्षं रोज त्या वाटेनं दुसरं कोण गेलं होतं? शिवाय काकूंची थोरली बहीण पलीकडच्या गल्लीत अंथरुणाला खिळलेली. पायवाटेनं चार मिनिटं. मोठ्या रस्त्यानं जायचं तर काकूंच्या गुडघ्यांना ती पृथ्वीप्रदक्षिणाच. तीन आठवडे बहिणींची भेट नव्हती.

नगरपालिकेत सुनावणी झाली. कायदा तसा सरळ होता. वीस वर्षं लोक उघडपणे, न भांडता आणि कुणाची परवानगी न घेता गेले असतील, तर वाट सगळ्यांची. काका डायऱ्या, जुने फोटो आणि पुरावा म्हणून झिजलेल्या बुटांचे तीन जोडही घेऊन गेले. अधिकाऱ्यांनी बूट तेवढे टेबलाखाली ठेवायला लावले.

मालकाचा वकील अगदी लाडीगोडीनं बोलला. "काका, तुम्ही जायचात तेव्हा बंगल्याचे जुने मालक व्हरांड्यात असायचे ना?"

"रोज."

"मग गुपचूप जायचात?"

"छे, छे! ‘येतो हं’ म्हणायचो."

"आणि ते?"

"‘या’ म्हणायचे."

"ऐकलंत साहेब? यांनी विचारलं, त्यांनी परवानगी दिली. तीसुद्धा रोज!"

काकांचा चेहरा पडला. "चुकलंच माझं," असं ते अधिकाऱ्यांना म्हणालेही. आता याला काय म्हणावं!

काकू गुडघ्यांवर हात टेकत उठल्या. "यांनी विचारलं? साहेब, या माणसाला जन्मात काही मागता आलं नाही. बढती मागितली नाही, बदली मागितली नाही. मला मागणी घालायला यांची आत्या आली, हे बाहेर सायकल पुसत उभे! आमटीत मीठ नसलं तरी गिळतात, पण मागत नाहीत. ‘येऊ का’ वेगळं आणि ‘येतो’ वेगळं!"

"बाई, इथे भाषेचा तास नको," वकील म्हणाला.

अधिकाऱ्यांनी घड्याळ बघून जेवणाची सुट्टी दिली. वकिलानं फायली आवरल्या आणि दाराशी जाऊन सवयीनं मान झुकवली. "येतो साहेब."

"या," अधिकारी कागदातून मान वर न काढता म्हणाले.

मग त्यांनी हळूच मान वर केली. "वकीलसाहेब, आत्ता मी तुम्हाला परवानगी दिली का हो?"

सगळी खोली खो खो हसली. वकील तसाच दारात उभा राहिला, आत येईना की बाहेर जाईना.

पुढच्याच आठवड्यात फाटक निघालं. काकू त्याच दिवशी बहिणीकडे पोचल्या. थोरलीनं पडल्यापडल्याच तोंड फिरवलं. "काय गं, सख्ख्या बहिणीकडे यायला एवढे दिवस कुणाची परवानगी लागत होती?"

काकू गुडघे सांभाळत तिच्या उशाशी टेकल्या. त्यांनी बहिणीचा हात धरला, तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही.