रुद्राणीताई आणि गृहपाठाच्या दहा ओळी

केज येथील एका दूध डेअरीच्या कार्यालयात मी सतरा वर्षांपासून झाडलोट करते. रुद्राणी वीरेश शेटे यांची व माझी ओळख तेथेच, एका टेबलाखाली झाली. मी फरशी पुसत होते आणि त्या तारांच्या गुंत्यात शिरून कोणती तार कोठे जाते याचा नकाशा काढत होत्या. आमची डोकी एकमेकींवर आपटली. त्या म्हणाल्या, "मावशी, लागलं का?" मी म्हणाले, "मला न्हाई लागलं. तुमचं कपाळ बघा." त्यांना टेंगूळ आले होते. त्या दिवसापासून मी त्यांना ताई म्हणते, जरी त्या माझ्या मुलीहून लहान आहेत.

डेअरीचे सर्व संगणक चालू व सुरक्षित ठेवणे, हे ताईंचे काम. कोणत्या गावाचे दूध किती आले, त्याची फॅट किती लागली, तलवाड्याच्या केंद्रातील टाकी किती थंड आहे, हे सर्व संगणकात असते. ही व्यवस्था पुण्याच्या एका कंपनीने बसवून दिली असून तीच ती कराराने सांभाळते. म्हणजे काम कंपनीचे, आणि कंपनीच्या मागे लागण्याचे काम ताईंचे.

काही बिघडले की ताई पुण्याला फोन लावीत. तिकडून उत्तर येई, "मॅडम, तिकीट काढलंय." मला वाटे, माणूस निघाला. मी त्याच्यासाठी खुर्ची पुसून ठेवीत असे व पुण्याच्या एसटीच्या वेळेला चहाचे पाणी चढवीत असे. तिसऱ्या दिवशी मी विचारले, "ताई, तिकीट काढून माणूस कावून येत न्हाई? गाडी चुकली का?" तेव्हा त्यांनी समजावले की तिकीट म्हणजे तक्रारीचा क्रमांक, आणि तो घेऊन कोणी कोठे जात नाही.

ताईंचा एक विशेष सांगितला पाहिजे. राग आला की त्या अतिशय शुद्ध बोलतात. एरवी त्या आमच्यासारखेच बोलतात, परंतु "आपल्या सहकार्याबद्दल मी आभारी आहे" असे फोनवर ऐकू आले, की हेडक्लार्क बबनराव मान खाली घालून म्हणत, "आता पुण्याचं काही खरं न्हाई."

ताईंचा सर्वांत मोठा झगडा मात्र पुण्याशी नव्हता, तर कागदाच्या चिठ्ठ्यांशी होता. संगणक उघडण्याचा गुप्त शब्द, म्हणजे पासवर्ड, कोठेही लिहून ठेवू नये, असे त्या वारंवार सांगत. पण तो शब्द लक्षात राहत नाही, म्हणून मंडळी तो चिठ्ठीवर सरळ मराठीत लिहून ठेवीत. कोणाची चिठ्ठी कळफलकाखाली, कोणाची देवाच्या तसबिरीमागे.

"ओ ताई," बबनराव म्हणत, "इथं बाहेरचं कोण येतंय? आमी आठ जण, अन् झाडायला छबुबाई. तिला कुठं वाचता येतंय?"

हे त्या वेळी खरे होते. त्यानंतर मी प्रौढांच्या वर्गात नाव घातले, आणि हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

याच सुमारास ताईंवर संकट आले. डेअरीचे मालक मल्लिकार्जुन अप्पा यांनी ठरवले की संगणकाचे सर्वच काम पुण्याच्या कंपनीकडे द्यावे. "एका कामाला दोन माणसं कशाला?" असे त्यांचे म्हणणे. सोमवारच्या बैठकीत कागदावर सही व्हायची होती. सही झाली की ताईंची जागा जाणार होती. केजमध्ये असले दुसरे काम नाही. त्यांना पुण्याला जावे लागले असते. घरी गुडघ्यांनी अधू झालेले वडील व त्यांचे किराणा दुकान. ताई त्या आठवड्यात कोणाशी शुद्धसुद्धा बोलल्या नाहीत. त्या करार काढून बसत आणि पेन्सिलीने प्रश्नचिन्हे काढीत.

त्याच आठवड्यात आमच्या शिक्षिका मोहिनीबाई यांनी गृहपाठ दिला: आपल्या परिसरात जे लिहिलेले दिसेल, त्यातील दहा ओळी सुवाच्य अक्षरात उतरवून आणा. इतर बायकांनी दुकानांच्या पाट्या उतरवल्या. माझा परिसर म्हणजे कार्यालय. झाडताना, पुसताना जे दिसले ते मी प्रामाणिकपणे उतरवले. शनिवारी मी ती वही ताईंना दाखवली. त्यांचा जीव रमावा, एवढाच हेतू होता.

ताईंनी पहिली ओळ वाचली. मग दुसरी. मग त्या खाली बसल्या.

"मावशी, ही वही कुणी कुणी पाहिली?"

"मोहिनीबाईंनी पाहिली. मग वर्गात उभी राहून म्या मोठ्यानं वाचली. टाळ्या पडल्या."

ताई तांब्याभर पाणी प्यायल्या. मग त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आले. मी विचारले, "काही चुकलं का?" त्या म्हणाल्या, "एक वेलांटीसुद्धा न्हाई."

त्याच दुपारी त्यांनी सर्वांचे जुने पासवर्ड बंद केले. दहावी ओळ मात्र पुण्याच्या कंपनीची होती. सर्व संगणक ज्याला जोडलेले आहेत, त्या मोठ्या यंत्राच्या पाठीवर ती चिकटवलेली होती, आणि तो शब्द बदलणे कंपनीच्याच हाती होते. ताईंनी फोन केला. कंपनीने तिकीट काढले.

सोमवारी बैठकीला सर्व जण वैतागून आले. कोणाचाही संगणक उघडत नव्हता. ताई म्हणाल्या, "अप्पा, सही करण्याआधी छबुमावशींचा गृहपाठ ऐका. पाच मिनिटं लागतील."

मी उभी राहिले, पदर सारखा केला आणि वर्गात वाचते तसे वाचले. त्या ओळी आता रद्द झाल्या असल्याने येथे देण्यास हरकत नाही, असे ताईंनी सांगितले आहे.

"एक. शांतादेवी सत्तावीस."

अप्पा दचकले. शांतादेवी हे त्यांच्या पत्नीचे नाव.

"दोन. मालक गप्प बसा एक."

कोणी हसले नाही. अप्पांनी विचारले, "हे कुणाचं?" बबनराव छताकडे पाहत होते.

"बबनराव, वर पंखा हाय," अप्पा म्हणाले, "माणूस इकडं हाय."

"अप्पा, ते... लक्षात राहावं म्हणून..."

"माझ्याबी लक्षात राहील."

मी पुढे वाचत गेले. प्रत्येक ओळीला एकेक मान खाली गेली. शेवटी मी म्हणाले, "दहा. जीवन केज एक दोन तीन चार."

"हा जीवन कोण बे?" अप्पांनी विचारले.

"ज्यानं यंत्र बसवलं तो," ताई म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी तो पुण्याची ती कंपनी सोडून गेला." त्यांनी सर्वांसमोर जीवनला फोन लावला व आवाज मोठा केला. "जीवनदादा, आमच्या यंत्रात तुम्हाला अजून शिरता येतं का, जरा बघता का?"

"बघतो की." थोडा वेळ गेला. "आलो बघा ताई. तलवाड्याची टाकी चार अंशावर हाय. अन् तुमचं घड्याळ सात मिनिटं मागं हाय."

ताईंनी करार उघडला. माणूस सोडून गेल्यावर त्याचा शब्द कोणी बदलायचा, यावर करारात एक ओळही नव्हती. तेथे त्यांचे पेन्सिलीचे प्रश्नचिन्ह होते.

"आता मी आपणांस नम्रपणे विचारते," ताई म्हणाल्या, आणि बबनरावांनी खुर्ची मागे घेतली, "सर्व काम कंपनीकडे दिल्यावर कंपनीकडे कोण पाहणार?"

अप्पा माझ्याकडे वळले. "छबुबाई, तुमच्या घरी मेंढरं हायत. दुसऱ्याकडं चारायला देता का कधी?"

"देतो की, पेरणीच्या दिसांत."

"मग तुमी बिनघोर बसता?"

"न्हाई अप्पा. दर आठ दिसाला आमच्यातलं कुणीतरी जातं. मेंढरं मोजतं, कानाची खूण बघतं, लंगडतंय का ते बघतं. राखणारा वाईट असतो म्हणून न्हाई. मेंढरं आमची असतात म्हणून."

अप्पांनी पेनाचे टोपण परत लावले. करारात चार कलमे वाढवून आणा, असे त्यांनी ताईंना सांगितले. कंपनी ती कलमे पाळते का हे पाहायला माणूस ठेवावे लागते, म्हणून ताईंची जागाही राहिली. बबनरावांना ते दुसरे काही बोलले नाहीत; फक्त चहा आल्यावर "मालक गप्प बसलाय, घ्या चहा" एवढे म्हणाले.

मला मात्र काळजी वाटत होती. बैठक संपल्यावर मी ताईंना म्हणाले, "आता हापिसातलं काही वाचू का नको?"

ताईंनी माझी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मावशी, दर शनिवारी झाडताना जे लिहिलेलं दिसेल ते यात उतरवा, अन् मला दाखवा. वही कोरी आणली तर लई बरं."