मशीन नाव विचारतं

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मानपाड्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. एका दुपारी एक गृहस्थ चादरीत गुंडाळलेला जुना कॉम्प्युटर घेऊन रिक्षातून आले. चपला त्यांनी बाहेरच काढल्या. राहू द्या, मी म्हटलं, तर म्हणाले, "पोराने सवय लावली. कॉम्प्युटरजवळ चपला चालायच्या नाहीत त्याला." कॅबिनेटवर कधीच्या तरी दसऱ्याचं कुंकवाचं बोट होतं.

त्या मशीनला नवीन काही झेपणारं नव्हतं. माझ्याकडे एका मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी होती, विंडोजच्या जागी चालणारी, फुकटची आणि नवशिक्यालाही जमेल अशी.

"जुनं सगळं पुसलं जाईल, काका."

ते स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुसा. धाकटीला शिकायचंय."

सगळं भरून झाल्यावर लिनक्सने वापरणाऱ्याचं नाव मागितलं. मी मुलीचं नाव विचारलं, त्यांनी मुलाचं सांगितलं.

"हे रोज विचारणार ना?"

"चालू केलं की दर वेळी."

"मग तेच ठेवा. तो गेल्यापासून घरात त्याचं नाव कोणी काढत नाही, त्याच्या आईला त्रास होतो म्हणून. निदान धाकटी टाइप तरी करेल."

मशीन पुन्हा चालू झालं आणि त्याने नाव विचारलं. मी कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. एका बोटाने अक्षरं शोधत त्यांनी ते लिहिलं.

"आता एंटर दाबा, की हे नाव जाऊन पुढचं येईल," मी म्हटलं.

बोट तिथवर गेलं आणि थांबलं.

"राहू दे जरा," ते म्हणाले.